देवाला मध्ये घातल्याचे परिणाम

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आणि दाजींचा खोकला आटोक्यात असतील, अशी आशा. इकडे आम्ही सुखरूप आहोत, म्हणजे दोघंही जिवंत आहोत.

तू म्हणालीस, रोज सकाळी दुकान उघडण्याआधी दोघांनी देवापुढे बसा, मोठ्याने प्रार्थना करा, मग एकमेकांशी गोड बोला, संसारात प्रेम टिकतं. बसलो. (मी स्टुलावर. मांडी घातली की उठताना मला देव आठवतो, बसताना नाही.) मी म्हटलं, देवा, हिला कात्री जागेवर ठेवायची बुद्धी दे. लगेच ती म्हणाली, देवा, ह्यांना घोरताना कूस बदलायची बुद्धी दे. मग रोज तेच. देव बिचारा मध्ये, आणि लेकी बोले सुने लागे! गोड बोलण्यापर्यंत पोचायच्या आत गिऱ्हाईक दारात.

आणि गेल्या सोमवारपासून ही गप्प. डोळे मिटते, ओठ हलवते आणि मनातल्या मनात देवाला काय ते सांगते. माझा जीव टांगणीला! भांडण ऐकू आलं तर माणूस उत्तर तरी देतो. परवा ह्याच विचारात डॉक्टरांच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. (सभ्य गृहस्थ. घालून पाहिला, काढला, निघून गेले.) ही समोरच काजं करत होती. बाह्यांकडे पाहिलं, पण बोलली नाही. एरवी मला उभा-आडवा घेतला असता. तो घेतला नाही हे फार लागलं, ताई. म्हणून आता देवापुढे मी एकटाच बडबडतो. काल तर बोलून गेलो, देवा, हिचा आवाज नसला की दुकान खायला उठतं, माझी टीपसुद्धा सरळ पडत नाही. तिने एक डोळा किलकिला केला आणि परत मिटला. ह्याचा अर्थ काय घ्यायचा?

दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. खरं काम हे, की तू तिला फोन कर आणि ती देवाला माझ्याबद्दल काय सांगते ते काढून घे. मी विचारलंय हे कळू देऊ नकोस. संशय नको म्हणून पाकीट चिकटवून तिच्याच हाती टपालात टाकायला देतोय.

ता. क. (हा माझा.) ताई, डिंक ओलाच होता. सोमवारी माझा घसा बसला होता, ह्यांच्या लक्षातही आलं नाही. मनात मी काहीच म्हणत नाही. लग्न झाल्यापासून हे माझ्याशी इतकं कधी बोलले नव्हते, म्हणून घसा सुटला तरी ऐकत बसते. फोन करा, पण त्यांना सांगू नका. अजून थोडे दिवस बोलू देत, मग बाह्यांचं बघते.