क्षमाच्या घेरीविषयी

राजाजीनगर, बंगळूर
९ ऑगस्ट १९६१

तीर्थरूप आईस,
बसवंतचा नमस्कार.

मी बरा आहे. शेजारच्या ठकुबाई रोज भाकरी आणतात आणि "स्वल्प तरी जेव रे अण्णा," म्हणत दारातच उभ्या राहतात. दादांचा खोकला कसा आहे?

क्षमाला उलट्या होतात, परवा न्हाणीत घेरी येऊन पडली, आणि तुम्ही सगळ्या गोड बातमी धरून बसला आहात, हे वाचले. आई, माझ्या अहल्येचेही आपण असेच धरले होते. तिची मूत्रपिंडे गेल्याचे कळले तेव्हा फार उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, असे दिवस गेल्याने होते, पित्ताने, रक्त कमी असल्याने होते, तसेच हृदय किंवा मूत्रपिंड बिघडल्यानेही होते. लघवी आणि रक्त तपासल्याशिवाय सांगता येत नाही.

जावईबापूंना सांगून क्षमाला आधी बेळगावच्या दवाखान्यात न्या. बातमी गोडच निघो.

अहल्येच्या डोहाळ्यांसाठी तू पाठवलेली लोणच्याची बरणी फडताळात आहे. तिच्या तोंडाला बांधलेला दादरा अजून सुटलेला नाही. क्षमाला खरेच दिवस गेले असतील तर कळव. मी ती घेऊन येईन.

तुझा,
बसवंत