हिचा वरचा डावा दात

४ जून, सोमवार
आजपासून रोजनिशी. संकल्प एकच: सहा आठवड्यांत हिचा वरचा डावा दात सरळ करायचा. ही लेकीकडे गेली पंधरा दिवसांसाठी, त्याला आता पाच महिने झाले. न येण्याचं कारण दातच, दुसरं काय असणार? मी स्वतः हिच्या हाडात बसवलेला इम्प्लांटचा स्क्रू ओठाच्या बाजूला थोडा झुकलाय. थोडाच. त्यामुळे दात लांब दिसतो आणि ही हसताना तोंडावर हात धरते. दोष हाडाचा. हिचं हाडच मुळात हट्टी.

५ जून
प्लॅन पक्का. इम्प्लांट काढायचा नाही. काढणं म्हणजे चूक कबूल करणं, आणि चूक झालेलीच नाही. त्यावर तिरका अबटमेंट लावायचा, म्हणजे स्क्रू आणि दात यांच्यातला जोड. स्क्रू वाकडा, दात सरळ. हिच्या जबड्याचं प्लॅस्टरचं मॉडेल क्लिनिकच्या कपाटात आहेच. पेशंटची गरजच नाही.

९ जून
पंधरा अंशांचा अबटमेंट लावून पाहिला. दात अजून बाहेरच. दात बनवून देणारा लॅबवाला म्हणाला, पंधराने भागणार नाही. नाकाने कांदे सोलायची सवयच आहे त्याला. केस कोणाची ते सांगितलेलं नाही.

११ जून
मॉडेल घरी आणलं. जेवणाच्या टेबलावर ठेवलं, हिच्या खुर्चीसमोर. उजेड तिथे चांगला पडतो. जेवताना दोन शब्द बोललो. गप्पा नव्हेत, केस डिस्कशन. भाजीत मीठ जास्त झालं होतं. मॉडेल काही बोललं नाही. ही बोलली असती.

१७ जून, रविवार
हिचा फोन दर रविवारी अकराला येतो. मी पावणेअकरापासून फोनजवळ असतो, तो योगायोग. बीपीची गोळी घेतली का, गिझर बंद केला का, सगळं विचारून झालं. मग मी म्हणालो, दात होतोय, परत यायची तयारी ठेव. ही म्हणाली, "तुम्हाला एकदा तरी वाटलं का हो, की आपलं चुकलं?"
मी हाडाची घनता समजावून सांगितली. वीस मिनिटं. मध्येच फोन कट झाला. नेटवर्क.

२३ जून
पंचवीस अंश. दात आत आला! फक्त हिरडीपाशी मोठी फट राहिली. उपाय: गुलाबी पोर्सलीनची नकली हिरडी. लॅबवाल्याने मॉडेल हातात धरून बराच वेळ पाहिलं. म्हणाला, "डॉक्टर, हा काढून नव्याने बसवायला हवा. ज्याने बसवलाय त्याला सांगा."
सांगतो म्हणालो.

३० जून
दिवसभरात दोन पेशंट. रिसेप्शनिस्टबाईंनी काहीतरी विचारलं, मी म्हणालो, मजेत. घरी आल्यावर लक्षात आलं, त्यांनी विचारलं होतं की हल्ली डबा कोण करून देतं.

४ जुलै
गुलाबी रंगाच्या सात छटा. हिची कुठली? छत्तीस वर्षांचा संसार, आणि हिरडीचा रंग आठवेना. अल्बम काढून बसलो. गेल्या दीड वर्षातल्या प्रत्येक फोटोत हिचा हात तोंडावर. त्याआधीच्या एका फोटोत ही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसतेय आणि शेजारी मी, काहीतरी बोलताना. काय बोललो होतो कोण जाणे. फार एकटं वाटलं. तीन नंबरची छटा ठरवली.

१२ जुलै
दात आला. मॉडेलवर बसवला. सुरेख. लॅबवाला चकित झाला, निदान गप्प तरी झाला. रविवारी फोनची वाट बघायची नाही. थेट जायचं, खुर्चीत बसवायचं, दहा मिनिटांत काम. संध्याकाळी दोघं परत. हिची उशी उन्हात टाकली.

१५ जुलै, रविवार
हिने दार उघडलं आणि हसली. हात खालीच.
जागेवर तात्पुरता दात, नीट ओळीत. इम्प्लांट मार्चमध्येच काढलाय. लेकीच्या गल्लीत एक डॉक्टरीणबाई आहेत. चार महिन्यांत मी हाडाबद्दल बरंच बोललो, दात कसा आहे ते विचारलं नाही, असं लेक म्हणाली.
मी विचारलं, "मग परत का नाही आलीस?"
"दातासाठी नव्हते हो गेले मी. वर्षभर तुम्ही माझ्याच हाडाला नावं ठेवलीत. आल्यागेल्यासमोर."
हाडाबद्दल डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, तेही विचारून घेतलं. हाड चांगलं आहे म्हणाल्या.
चुकलं म्हणायचं ठरवूनच तोंड उघडलं. बाहेर पडलं ते, पंचवीस अंशांचा लावलाय. हिने चहा दिला. दाताची डबी खिशातच राहिली.

१६ जुलै
हिची उशी परत कपाटात ठेवली. दात मॉडेलवर पुन्हा बसवून पाहिला. केसभरही फट नाही. असा जबडा आता जगात दुसरीकडे कुठेच नाही.
जेवताना मॉडेलसमोर एकदा म्हणून पाहिलं, माझं चुकलं. जमतंय. मॉडेल काही बोललं नाही.
रविवारला सहा दिवस आहेत.