पदकासाठी कोशाची साडी

भंडारा, ५ जानेवारी २०२५

चि. सुगत यास आत्याचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

आठवतं, शहापूरच्या थांब्यावर एसटी चुकली की तू माझ्या पिशवीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांना सलाम ठोकायचास? एकदा एका ड्रायव्हरने उलट सलाम केला, तर लाजून माझ्या पदरात शिरलास.

तुझी आई गेली तेव्हा तू तान्हा होतास. डोमादादाने दुसरं लग्न केलं आणि तू माझा झालास. फौजेचं प्रशिक्षण संपलं की शपथेच्या दिवशी घरच्यांना पदक लावतात म्हणे. शेजारच्या तुळसाबाई चिडवतात, की तुम्ही तर गेटवरच रडायला लागाल. मी कोशाची रेशमी साडी काढून ठेवली आहे. पदक जड असतं का रे?

लोभ आहेच, वाढायला जागा उरली नाही.
तुझी आत्या, भावना

प्रशिक्षण केंद्र, १९ जानेवारी

ती. आत्यास सप्रेम जयभीम, वि. वि.

मोबाईल जमा आहे, म्हणून पत्र. पदक आई-बाबांनाच लावतात, जागाही दोनच. मागच्या रविवारी केंद्रातल्या फोनवरून बाबांना मोहाडीला फोन केला. बाबा म्हणाले, काहून नाही येऊ, पोरगा माझाच हाय. आत्या, जन्मात पहिल्यांदा ते मला पाहायला येऊन राहिले!

नव्या आईकडे बरी साडी नाही. तुझी कोशाची मोहाडीला पाठव ना, फोटोत छान दिसेल. तुला राग येत नाही, हे मला ठाऊक आहे.

पाया पडतो.
तुझा सुगत

प्रशिक्षण केंद्र, १० फेब्रुवारी

ती. आत्यास सप्रेम जयभीम, वि. वि.

साडी पोचली होती, पण सोबत तुझं पत्र नव्हतं. कार्यक्रम झकास झाला. साहेबांनी आईला पदक लावलं आणि विचारलं, पोराला काय खाऊ घातलं? ती म्हणाली, साहेब, दूधभात. याच्या तापात किती रात्री जागली मी! बाबांनी डोळे पुसले. मीही हो म्हणून मान हलवली. साहेबांपुढे काय बोलणार?

पदकाच्या टाचणीपाशी साडी थोडी फाटली. आई म्हणते, फाटकी परत कायले द्यायची, राहू दे माझ्याकडे.

आता सुट्टी, मग सीमेवर पोस्टिंग. मोहाडीत मिरवणूक आहे. बॅनरवर तुझं नाव बसलं नाही. जायच्या आधी दोन दिवस तुझ्याकडे येईन. बेसनाच्या पातोडीचा रस्सा कर.

तुझा सुगत

भंडारा, १६ फेब्रुवारी

चि. सुगत यास आशीर्वाद.

दूधभात कोणी भरवला, हे मी कोणाला सांगणार नाही. तुला ते माहीत आहे, आणि तू मान हलवलीस. तेवढं तुला जन्मभर पुरेल.

रस्सा होणार नाही. तुझी खोली कॉलेजात शिकणाऱ्या रक्षाला दिली. गोड मुलगी आहे. तीही मला आत्याच म्हणते.

आता नीट वाच. कॉट आणि टेबल रक्षाला. शाळेतली तुझी बक्षिसं डोमादादाला पाठवली आहेत. भिंतीवर लावू दे. तुझ्या गेलेल्या आईचा, राखीवहिनीचा फोटो तुला टपालाने येईल, मोहाडीत तो ट्रंकेच्या तळाशी जाईल. सीमेवरून काही बरंवाईट कळवायची वेळ आली, तर सरकार डोमादादाला कळवेल. त्याने मला कळवू नये, असं त्याला सांगून ठेव.

माझ्या दाराची तुझ्याकडची किल्ली जाताना तुळसाबाईंकडे दे. मी घरातच असेन. कडी वाजवू नकोस.

भावना