‘विनाकारण’ रकान्यातला माणूस

६ जानेवारी, आर्णी
सकाळी नळ आला नाही. दुपारी दोघे भेटून गेले. संध्याकाळी नागोराव. बायको, सत्यभामा, जाऊन महिना झाला. आता मनाला शिस्त लावायची. पंचायत समितीत नोकरीभर सांख्यिकी पाहिली, तर घरी येणाऱ्यांचं टेबल करतो. आडवे: नातेवाईक, ऑफिसवाले, शेजारी आणि नागोराव (मागच्या गल्लीतले, कापसाच्या जिनिंगमधून रिटायर). उभे: सांत्वन, डबा, कागदपत्रं, विनाकारण.

११ जानेवारी
अपेक्षित आकड्याचा फॉर्म्युला लावला. ओळीची बेरीज गुणिले रकान्याची बेरीज, भागिले एकूण. बाकी सेल ठीक. ‘नागोराव–विनाकारण’ अपेक्षित दोन, प्रत्यक्षात सहा. संशयास्पद.
हा माणूस खुर्ची ओढतो, कापसाच्या भावावर बोलतो, जातो. दुःखाच्या घरातून निघताना कोणी ‘येतो’ म्हणत नाही. हे दर वेळी म्हणतात. आणि येतात.

१४ जानेवारी
यंदा आमच्याकडे संक्रांत नाही. नागोरावांनी तीळगुळाऐवजी वांग्याचं भरीत आणलं. म्हणजे नोंद ‘डबा’मध्ये जाणार. ‘विनाकारण’चा आकडा दाबण्याचा डाव. वर विचारतात, कायले एवढं लिहून राह्यले, जनगणना आहे का?
नागपूरला मुलीला, प्रियंकाला, फोनवर सांगितलं. म्हणाली, काका येतात ते बरंच आहे बाबा. ती कॉमर्सची.

१७ जानेवारी
नागोरावांचा आमच्या घरामागच्या प्लॉटवर डोळा असणार. उद्या स्पष्ट विचारायचं. ठरलं.

१८ जानेवारी
विचारलं नाही. मी न्हाणीतून बाहेर येईपर्यंत त्यांनी स्वयंपाकघरात चहा ठेवला होता. चहा चांगला होता. साखर कुठे असते हे त्यांना कसं माहीत?

२० जानेवारी
विचारलं. तुमचं इथे काम काय? टेबलही दाखवलं. त्यांनी आपली ओळ वाचली. मग म्हणाले, “वहिनी दवाखान्यात मले म्हणे, भाऊजी, यायले एकटं बसू देऊ नका. म्हून येऊन राह्यलो.”
‘यायले’ म्हणजे मला. मृत व्यक्तीचा हवाला. पडताळता येत नाही. नोंद धरली नाही.
निघताना ‘येतो’ म्हणाले नाहीत. रीतीप्रमाणे.

२९ जानेवारी
मागच्या आठवड्याचं टेबल पूर्ण. सर्व सेल शून्य. वेगळा दिसणारा एकही नाही. इतका स्वच्छ डेटा ऑफिसातही कधी आला नव्हता. पद्धत यशस्वी.
पडताळा म्हणून फॉर्म्युला लावला. एकूणच शून्य, त्यामुळे भागाकार होत नाही.
पाचपासून बाहेर बसलो होतो. हवा चांगली होती म्हणून.
आठला कुकर लावला. तीन शिट्ट्या मोजून गॅस बंद केला.