यशवंतच्या वतीने

१२ नोव्हें., मंगळ. पेण

सकाळच्या एसटीने रोह्याला. गाडी खांब गावावरून फिरून गेली, पाऊण तास जादा. यशवंत अजून दवाखान्यातच. उजवी बाजू गेलेली, वाचा बंद. आयुष्यभर दुसऱ्याला बोलू न देणारा माणूस. डोळे तेवढे तेच, भांडखोर.

वॉर्डच्या दाराशी आयामावशींनी अडवलं. "आजी, तुमी त्यांच्या कोन?" एकावन्न वर्षं या प्रश्नाला भीक घातली नव्हती. त्याचं घर रोह्यात, माझं पेणला. लग्न नाही, एक चूल नाही. अट दोघांचीही. त्याच्या पुतण्याची बायको, अश्विनी, मागून म्हणाली, "आमच्या काकू आहेत." पूर्वी तिथल्या तिथे झापलं असतं. आज गप्प आत गेले.

१५ नोव्हें.

डॉक्टर म्हणाले, घरी न्या, इथे ठेवून उपयोग नाही. पुतण्या मिलिंदने आपल्या फ्लॅटवर नेलं, वरसेला. मी पेणला नेते म्हटलं असतं, पण माझा जिना मलाच चढवत नाही. चिडचिड दिवसभर. मिलिंद भला आहे हीच अडचण. धाटावला कंपनीत शिफ्ट करून येतो आणि काकाचं अंग पुसतो. वाईट असता तर भांडता आलं असतं.

१८ नोव्हें.

य.च्या कपाळाला अंगारा. अश्विनी रोज लावते म्हणे. रुमाल काढला, पुसणार, तर त्याने डाव्या हाताने माझं मनगट धरलं. घट्ट. मग तिच्याकडे बघत तोच हात छातीशी नेला. नमस्कार? की नुसतं थँक्यू?

अश्विनी म्हणाली, "बरं वाटतं हो त्यांना. राहू द्या."

स्वतःच्या आईच्या तेराव्याला जेवणाचं पान सोडून आम्हा मित्रमंडळींशी वाद घालायला आलेला हा माणूस. परतताना नागोठण्यापर्यंत रडले. शेजारच्या बाईने पाण्याची बाटली पुढे केली.

२० नोव्हें.

झोप नाही. सगळं ते पोह्याच्या गिरणीवरच्या खोलीतलं आठवतंय. साठ वर्षं होऊन गेली. आम्ही सात जण, दर शनिवारी. अध्यक्ष नाही, नाव नाही. गावाने ठेवलं होतं, 'बिनबुडाचे'. देव, लग्न, सरकार, पक्ष, काही म्हणजे काही मानायचं नाही. कोणी कोणाच्या वतीने बोलायचं नाही. आणि वर्षअखेरीला ज्याने त्याने लिहिलेलं सगळं घमेल्यात घालून जाळायचं, उद्या कोणी त्याची पोथी करू नये म्हणून.

एका वर्षी य.ने एक पान लिहून आणलं. आपल्यामागे काय करायचं ते. मंत्र नकोत, दहावं-तेरावं नको, देह मेडिकल कॉलेजला. वाचून दाखवलं. सगळे वा वा म्हणाले. मग गेलं घमेल्यात. मीच टाकलं, सही-तारखेसकट. नियम न मानणाऱ्यांचा नियम. काय अकलेचे कांदे होतो.

मनोहरला फोन केला, डोंबिवलीला. सातांतले आता आम्ही तिघेच. "तुला आठवतं ते पान?" म्हणाला, "आठवतं. पण मी गेल्या वर्षी नातवासाठी सत्यनारायणाला बसलो. मला कशाला विचारतेस?" राग आला. मग नाही आला.

२३ नोव्हें.

य. पाणीही गिळत नाही. मिलिंदने जिन्यात गाठलं.

"बाई, उद्या बाबा येतायत. येताना गुरुजींना सांगूनच येणार." बाबा म्हणजे य.चा धाकटा भाऊ. "काकांना हे पटायचं नाही, मला माहितीये. पण अंगारा पुसू दिला नाही, तेही आम्ही बघितलंय. तुम्ही लिहून द्या काय करायचं ते. तुमच्या हातचं असेल तर बाबा ऐकतील."

म्हटलं, "आमच्यात कोणी कोणाच्या वतीने..."

"मग कोण बोलणार, बाई? गुरुजीच ना."



आत जाऊन य.लाच विचारलं. सरळ, जसं एकमेकांशी बोलत आलो तसं. "मंत्र हवेत का रे तुला? हवे असतील तर डोळे मीट." त्याने मिटले. पण ग्लानी होतीच. पुन्हा विचारायला हवं होतं. धीर झाला नाही. भ्याले मी, दुसरं काही नाही.

अश्विनी म्हणाली, आज इथेच राहा. राहिले. त्याच्या माणसांच्या घरात पहिल्यांदाच.

२४ नोव्हें., सकाळ. वरसे

य.चा श्वास अडकत चाललाय. मिलिंद बाबांना आणायला स्टेशनवर गेला, अर्ध्या तासात येतील. जाताना टेबलावर कोरा कागद ठेवून गेला.

लिहिला. चार ओळी. मंत्र नकोत, विधी नकोत, देह कॉलेजला. खाली लिहिलं, 'ही यशवंतची इच्छा आहे.' त्याची तेव्हा होती, हे मी शपथेवर सांगेन. आजची त्याची काय, ते मला माहीत नाही. आज ही माझी आहे. त्याला अंगाऱ्यासकट कुणी नेऊ नये, हे मला हवंय. मला.

शेवटची ओळ खोडायला हवी. पेन हातातच आहे. खाली गाडीचं दार वाजलं.