आत्याला शिकवलेले प्रत्यय

समरकंद, ९ फेब्रुवारी

ती. मल्लम्मा आत्यास,
सा. न. वि. वि.

कॉलेज ठीक चाललंय. काळजी एकच. महिनाअखेरीस उझबेकची तोंडी परीक्षा आहे. पेशंटशी बोलता आलं नाही, तर वॉर्डात पाय ठेवू देणार नाहीत. वर्ष मागे पडेल. इथे नामाला एकामागे एक प्रत्यय लागतात. दुकान म्हणजे ‘दुकोन’. दुकोनिम, माझं दुकान. दुकोनिमदा, माझ्या दुकानात. आणि दुकोनिमिजदा, आपल्या सगळ्यांच्या दुकानात. कागदावर सगळं येतं. पण चुकेल म्हणून तोंडच उघडत नाही. बाजारात टोमॅटो बोट दाखवून घेते. बाबांना सांगू नकोस.

तुझ्या मायेत राहू दे.
तुझी स्वप्ना


गंगाखेड, १३ फेब्रुवारी

चि. स्वप्नास,
अ. उ. आ.

पत्राचा फोटो मिळाला. शाळेत जाण्याआधी तू घरीच शिकलीस, आठवतं? मी भाकरी थापायचे, तू मला धडा शिकवायचीस. मी चुकायचे, तू डोळे वटारून दुरुस्त करायचीस. आत्या मुद्दाम चुकते, असं तुला वाटायचं. निम्म्या चुका खऱ्या होत्या, पोरी. तरी मी बोलायचे ना?

आता रोज फोनवर मला तुझे प्रत्यय शिकव. मी सुरुवात केलीय. काल गिऱ्हाइकाला ‘दुकोनिमदा या’ म्हणाले. अर्थ सांगितला तर तुझे बाबा म्हणाले, दुकान तुझ्या एकटीचं कधीपासून झालं? परीक्षेचं त्याला बोलले न्हाई. चुकले खरी, पण गिऱ्हाईक गूळ घेऊनच गेलं.

जेवत जा, बोलत जा.
मल्लम्मा आत्या


समरकंद, १ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

काल परीक्षा झाली. मॅडमनी एका आजींच्या खाटेपाशी उभं केलं. त्या गुडघा धरून बसल्या होत्या. घाईत मी विचारलं, “माझा गुडघा दुखतोय का?” पंधरा दिवस तुला फोनवर दुरुस्त केलं नसतं, तर तिथेच गप्प झाले असते. आजींनी वाकून माझाच गुडघा दाबून पाहिला आणि म्हणाल्या, “तुझा बरा आहे, पोरी. आता माझा बघ.” मग मी बोलत राहिले, चुकत, दुरुस्त करत.

पास झाले. सोमवारपासून वॉर्ड. झालेल्या सगळ्या चुका आठवून लिहायला घेतल्या आहेत, पाठवते.

लोभ वाढतच राहू दे.
स्वप्ना


गंगाखेड, ३ मार्च

चि. स्वप्नास,
अ. उ. आ.

चुका पाठवू नकोस. त्या आजींचा गुडघा कसा आहे, ते लिही. दुकोनिमिजदा सगळे विचारायलेत.

मल्लम्मा आत्या