दगडी निवाऱ्याचं छप्पर

दि. ४ मे

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वहिनी मंगळवारी दुपारच्या बसने सुखरूप पोचली. तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनपासून सहा महिने तुझं करता करता ती निम्मी झाली आहे, तेव्हा पहिले आठ दिवस तिला नुसतं झोपू दे, असं तू मला बजावलं होतंस. मी खरंच प्रयत्न केला. पण दुसऱ्याच दिवशी हॉस्पिटलातून ड्यूटी संपवून घरी येते तर खालचा बेकरीवाला सांगतो की तुमच्या वहिनी सकाळीच मागच्या टेकडीवर गेल्या. परत आली ती गाल लाल करून, आणि चहाही न घेता विचारते कशी, की याच्याहून उंच काय आहे?

मग रविवारी तिला वरच्या तलावापर्यंत नेलं. जाऊन येऊन पाच तास. दुसऱ्या वळणावर मला धाप लागली, तर ही माझी पिशवी मागायला लागली! तुला एवढा दम कुठून, म्हणून विचारलं, तर म्हणाली की लिफ्ट नसलेल्या चौथ्या मजल्यावर तीस वर्षं संसार वाहिलाय, हा तर मोकळ्या हाताने चढायचा जिना. तलावाच्या काठी बूट काढून पाण्यात पाय सोडून बसली आणि अर्धा तास एक शब्द बोलली नाही. ग्रंथालयातून निवृत्त झाली तरी शांतता राखायची सवय काही गेली नाही.

आता तूच सांग, ही बाई तुझ्या घरात होती आणि तू दरवर्षी मित्रांना घेऊन डोंगरात जात होतास?

जिन्यावर कठडा धरून उतर. या धाकटीवरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
चिमणी


दि. ८ मे

चि. चिमणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. वहिनीची तब्येत सुधारते आहे हे वाचून बरं वाटलं. तलावाला पाच तास लागले म्हणतेस. आम्हाला साडेपाच लागले होते, पण आम्ही वाटेत फोटो काढत होतो, आणि त्या वर्षी वाट फार वाईट होती. शिवाय तुम्ही बहुतेक सपाटीच्या बाजूने गेला असाल. नक्की कोणत्या बाजूने गेलात ते कळव.

वहिनी उत्साहाच्या भरात बोलते, पण तिचं वय साठ आहे. तिला डोंगर झेपत नाही, हे मी पहिल्यापासून सांगत आलोय. तू नर्स असून तुला हे मला सांगावं लागावं?

मी ठीक आहे. भात रोज करपतो. दुकानात चष्म्याला गिऱ्हाइकं येतात, मी त्यांना अक्षरांचा तक्ता वाचायला लावतो आणि माझी नजर त्याच्या शेजारच्या डोंगराच्या फोटोवर जाते. काल एक बाई शेवटची ओळ दोनदा वाचून थांबल्या, तरी माझा पत्ता नाही. काठी घेऊन मी आता चारही मजले उतरतो. डॉक्टर म्हणाले की सपाटीवर चाळीस मिनिटं चालायला हरकत नाही, डोंगर मात्र विसरा. हे ते इतकं सहज म्हणाले, जसं काही मला गोड खाणं सोडायचं होतं.

वहिनीने पुढच्या शुक्रवारी परतायचं ठरलं आहे. बसच्या वेळेची तिला आठवण करून दे.

तुझा,
दादा


दि. १२ मे

अहो,
सप्रेम नमस्कार वि. वि.

चिमणीला आलेलं पत्र तिने मला वाचून दाखवलं. आम्ही चढाच्या बाजूने गेलो होतो, सपाटीच्या नाही.

रागावू नका, पण मी शुक्रवारी येत नाही. अजून पंधरा दिवस राहीन म्हणते. डाळ आणि तांदूळ वेगवेगळ्या डब्यांत आहेत, भाताला दीडपट नाही, दुप्पट पाणी घाला.

शनिवारी आम्ही जंगलातल्या धबधब्यावर जाऊन वनखात्याच्या लाकडी खोलीत मुक्काम करून आलो. आयुष्यात पहिल्यांदा मी अशा ठिकाणी जागी झाले जिथे कुणाचा डबा करायचा नव्हता. दाराबाहेर आले तर गवतावर दंव इतकं, की सपाता चिंब. हे तुम्ही कधी सांगितलं नव्हतंत. तुम्ही परत आलात की किती उंची, किती तास, कोण मागे पडलं, एवढंच सांगायचात. मी ऐकत ऐकत तुमचे मोजे धुवायची.

आता एक काम आहे. खिंडीपलीकडच्या त्या मोठ्या शिखरावर जायचं आमच्या मनात आहे. तुम्ही तिथून दोनदा परत आलात, एकदा धुक्यामुळे आणि एकदा मित्राच्या पोटामुळे, हे मला पाठ आहे. शिखराखाली दगडी निवारा आहे म्हणतात. तिथे राहता येतं का, पाणी मिळतं का, ते तुमच्या डोंगरांच्या वहीत बघून कळवा. चिमणी म्हणते, दादाच्या वहीवर डोळे मिटून विश्वास ठेवावा.

गोळ्या वेळेवर घ्या. माझ्यावर आहे तेवढी माया ठेवा.

तुमचीच,
मी


दि. १६ मे

प्रिय सौ. हिस,
सप्रेम आशीर्वाद.

वही बघितली. निवाऱ्याचं छप्पर कोसळलं आहे, आत राहण्यासारखं काही उरलेलं नाही. झराही आटलेला असतो. जायचंच असेल तर तंबू आणि दोन दिवसांचं पाणी पाठीवर न्यावं लागेल, आणि ते तुम्हा दोघींना जमणार नाही. तेव्हा तो विचार सोडा. तलावाला हवं तर परत जाऊन या.

मी तुमच्या भल्यासाठीच सांगतोय. घर खायला उठतं. लवकर ये.

तुझा,
मी


दि. २५ मे

अहो,
नमस्कार.

चिमणीचा पाय मुरगळला आहे. हाड मोडलेलं नाही, ती स्वतः तपासून सांगते, पण तीन आठवडे ड्यूटी बंद. हे आधी लिहिते, म्हणजे काळजी करायची की नाही ते तुम्हाला ठरवता येईल.

आम्ही विचार सोडला नाही. बेकरीवाल्याच्या भावाकडून तंबू मागून घेतला आणि दोघींत मिळून चौदा लिटर पाणी घेतलं. खिंडीपर्यंत ठीक होतं. पुढच्या खडकावर त्या ओझ्याने चिमणीचा तोल गेला आणि ती बाटल्यांसकट खाली आदळली. मी तंबूसाठी सपाट जागा शोधायला पुढे गेले. एक वळण, जेमतेम दोनशे पावलं, आणि समोर निवारा. भिंती शाबूत, वर पत्र्याचं छप्पर, आणि मागच्या बाजूला पन्हळीतून झऱ्याचं पाणी पडत होतं. मी तिथे खाली बसले. पाणी बघून हसू यावं की रडू, ते कळेना.

चिमणीला आधार देत आत आणलं. ती लगेच तुमची बाजू घेऊन म्हणाली की छप्पर नंतर दुरुस्त केलं असेल, दादाचा काय दोष. आत फळीवर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी लिहायची वही होती. वही दिसली की चाळल्याशिवाय माझा हात राहत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. चार वर्षांपूर्वीच्या पानावर लिहिलेलं होतं: छप्पर भक्कम, झऱ्याला भर उन्हाळ्यात पाणी, बिनधास्त या. खाली सही, चष्मेवाला. अक्षर ओळखायला मला तक्ता लागत नाही. सकाळी तिथे आलेल्या मेंढपाळाला विचारलं. तो म्हणाला की छप्पर कधीच पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी चिमणीने पाय झऱ्यात सोडला आणि मला वर हाकललं. इथवर येऊन तू मागे फिरलीस तर मी माहेरपणाला परत बोलावणार नाही, म्हणाली. मी एकटी गेले. दोन तास लागले. शेवटी सुटे दगड आहेत, तिथे हात टेकून चढावं लागतं. वर वारा असा होता की मी बसूनच राहिले. पलीकडे काय आहे माहीत आहे? आणखी डोंगर. तुम्ही कधी सांगितलं नाहीत, कारण तुम्हालाही माहीत नव्हतं.

तुमच्यासाठी शेवटची पावलं राखून ठेवावीत, असं क्षणभर मनात आलं. ठेवली नाहीत.

मेंढपाळाच्या घोड्यावरून चिमणीला खाली आणलं. ती पडली तेव्हाचा आवाज माझ्या कानातून जात नाही. एकच विचारते. मला झेपणार नाही असं तुम्ही तीस वर्षं सांगत आलात. ते तरी खरं वाटून सांगत होतात का?

मी


दि. २९ मे

प्रिय,

मायना काय लिहावा ते सुचत नाही.

छप्पर भक्कम आहे हे मला माहीत होतं. माझ्या वहीतही तसंच आहे, झऱ्यापाशी दोन रेघा मारलेल्या आहेत. तू सपातांवरच्या दंवाचं लिहिलंस ते वाचलं आणि माझ्या पोटात असं काही दुखलं, की त्या दिवशी दुकान उघडलं नाही. मी इथे जिन्याच्या पायऱ्या मोजतोय आणि तू माझ्या डोंगरात, माझ्या बहिणीबरोबर, माझ्या शिखराकडे निघालीस. तू वर पोचशील याची मला भीती नव्हती, खात्री होती. म्हणून खोटं लिहिलं. चिमणी त्याच्यामुळे पडली. तिला वेगळं पत्र लिहिलं आहे, तिला काय वाटेल ते ती बोलू दे.

आता तुझा प्रश्न. नाही, खरं वाटून सांगत नव्हतो. लग्नाच्या पहिल्या वर्षी आपण गावाबाहेरच्या त्या काळ्या डोंगरावर गेलो होतो. तू साध्या चपलांत माझ्या पुढे निघून गेलीस आणि वरून हात हलवत राहिलीस. मागून माझे दोन मित्र येत होते, ते हसले. घरी येताना मी तुला म्हणालो की फार दमलीस, तुला हे झेपायचं नाही. तू दमली नव्हतीस. त्यानंतर मी तुला कधी नेलं नाही.

हे कुणालाच सांगितलं नव्हतं. लिहून हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसंही वाटत नाही.

परत ये असं म्हणायचा धीर होत नाही.

तुझा


दि. २ जून

अहो,
नमस्कार वि. वि.

तुमची पत्रं चिमणीने आणि मी वेगवेगळी वाचली. ती दोन दिवस तुमच्याबद्दल जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही. आज मात्र विचारत होती, दादा जेवतो का नीट?

तो काळा डोंगर मला आठवतो. तुम्ही हसत नव्हतात, म्हणून मला वाटलं होतं की माझंच काही चुकलं. तीस वर्षं मला तसंच वाटत होतं. याचा राग इतक्यात जाणार नाही, आणि जावा म्हणून मी काही करणारही नाही.

चिमणीला चालता येईपर्यंत मी इथेच आहे. तिचं करून झालं की रोज दुपारी एकटीच फिरते. तलावाची सपाटीची बाजू मी पायाखालून घातली. वाट रुंद आहे, मधे दोन बाक आहेत, पहिला बाक वीस मिनिटांवर. तिथवर जाऊन परत यायला चाळीस मिनिटं लागतात. यायचं असेल तर या. मी माझ्या चालीने चालीन. तुमच्यासाठी हळू चालणार नाही.

माया आहे की नाही ते आता समोर भेटूनच ठरवू.

मी


दि. ५ जून

प्रिय,

शनिवारच्या बसने येतो. दुकानावर पाटी लावली आहे, आठ दिवस बंद. चिमणीसाठी दुकानासमोरच्या औषधवाल्याकडून पायाचा पट्टा घेतला आहे. ती तो माझ्या अंगावर फेकणार, हे ठाऊक आहे.

पोटातलं दुखणं गेलेलं नाही. तू त्या शिखरावर बसली होतीस हे रोज एकदा आठवतं आणि रोज दुखतं. ते गेल्यावर येईन म्हटलं तर यायचं राहूनच जाईल, म्हणून ते घेऊनच येतोय.

हळू चालू नकोस. तू पुढे जा आणि वळणाआड दिसेनाशी हो. मी बाकावर बसेन, आणि तू परत आलीस की पुढे काय होतं ते विचारीन. किती तास लागले, ते विचारणार नाही.

तुझा